इसार देण्याआधी: जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स कसा तपासावा

जुनी ऑटोमॅटिक गाडी घेताना बहुतेक लोक फसतात ते एकाच कारणाने. सोसायटीच्या रस्त्यावर दहा मिनिटं चक्कर मारतात, गिअर मऊ पडतात असं वाटतं आणि इसार देऊन मोकळे होतात. पण गिअरबॉक्सचा दोष सहसा ठरावीक तापमानाला, ठरावीक गिअरमध्ये आणि ठरावीक भाराखालीच वर येतो. 'झटका बसतो' एवढ्या तक्रारीला फारसा अर्थ नाही. झटका गाडी थंड असताना बसतो की गरम झाल्यावर, उभ्या गाडीत डी (ड्राइव्ह, म्हणजे पुढे जायचा गिअर) टाकताना की चालताना दुसरा गिअर पडताना, सपाटीवर की चढावर, हे कळलं की निदान निम्मं झालं, आणि तेही एकही बोल्ट न उघडता. म्हणून वही-पेन बरोबर ठेवा आणि खालच्या पायऱ्या क्रमानेच करा. पहिल्या चार-पाच पायऱ्यांना पैसे लागत नाहीत. गाडी सोडून द्यायचं कारणही बहुधा त्यांच्यातच सापडतं.

पायरी १: गिअरबॉक्स नेमका कोणता, ते ओळखा

'ऑटोमॅटिक' या एका नावाखाली आपल्याकडे चार वेगळी यंत्रं विकली गेली. त्यांचे आजार वेगळे आणि चाचण्याही वेगळ्या. एकाची चाचणी दुसऱ्यावर केली तर चांगला गिअरबॉक्सही बिघडू शकतो.

टॉर्क कन्व्हर्टरवाला, म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा, हा जुना आणि सगळ्यात दणकट प्रकार. ह्युंदाई आय१० आणि मारुती डिझायरमधला ४ स्पीड, २००९ ते २०१३ च्या होंडा सिटीतला ५ स्पीड, इनोव्हा क्रिस्टामधला ६ स्पीड हे सगळे यात येतात. दुसरा सीव्हीटी. यात गिअरच नसतात, दोन पुल्यांमध्ये पोलादी पट्टा फिरतो. २०१४ पासूनची पेट्रोल सिटी, निसान सनी आणि मायक्रा यांच्यात तो आहे. तिसरा एएमटी, जो २०१४ च्या सेलेरिओपासून घरोघरी पोचला. हा खरं तर मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम एक अ‍ॅक्च्युएटर करतो. चौथा ड्युअल क्लच, यात दोन क्लच आळीपाळीने गिअर धरतात. पोलो जीटी टीएसआय आणि काही व्हेंटो, रॅपिडमध्ये कोरड्या क्लचचा ७ स्पीड डीक्यू२००, तर लॉरा आणि सुपर्ब डिझेलमध्ये ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचचा ६ स्पीड डीक्यू२५०.

लिव्हरवर 'पी' (पार्किंग) नसेल आणि फक्त आर (रिव्हर्स), एन (न्यूट्रल), डी, एम (मॅन्युअल) असेल तर तो बहुधा एएमटी. बाकी तिघांना पी असतो, त्यामुळे त्यांच्यातला फरक नुसत्या लिव्हरवरून कळत नाही. खात्री नसेल तर चेसिस नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. त्याच वेळी सर्व्हिसची नोंदही मागा, कारण शेवटचं गिअर ऑइल कधी आणि कोणत्या ग्रेडचं घातलं याची नोंद पुढे फार उपयोगी पडते.

पायरी २: गाडी थंडच मिळाली पाहिजे

विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगा की सकाळी आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावून पाहा. बॉनेट कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी या. यात संकोच करू नये. गिअरबॉक्समधली रबरी सील वयानुसार कडक होतात आणि थंड असताना नीट बसत नाहीत, त्यामुळे पहिल्या मिनिटात डी किंवा आर टाकल्यावर गाडी काही क्षण हलतच नाही. पाच मिनिटं चालली की सील मऊ होतात आणि दोष दडतो. गाडी आधीच गरम करून ठेवली तर हा दोष तुम्हाला दिसणारच नाही.

पायरी ३: खाली वाकून पाहा

गाडी रात्रभर जिथे उभी होती तिथली जमीन आधी पाहा. नवं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, लालसर असतं, जुनं तपकिरी होतं. इंजिन ऑइलपेक्षा ते पातळ असतं आणि वासही वेगळा येतो. गळतीची जागा महत्त्वाची. पॅनच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या ऑइलच्या ट्रेच्या, कडेने ओल असेल तर गॅस्केट गेलंय आणि काम किरकोळ आहे. अ‍ॅक्सल जिथे गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथे असेल तर ड्राइव्ह शाफ्टचं ऑइल सील, तेही स्वस्त. कूलरच्या पाइपांवर असेल तर होज किंवा क्लिप. पण इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात त्या बेल हाउसिंगच्या तळातून एटीएफ ठिबकत असेल तर पुढच्या पंपाचं सील गेलेलं असतं. सील स्वतः महाग नाही, पण ते बदलायला अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि मजुरी त्याचीच लागते.

२०१९ ला कोल्हापूर-सांगलीत, २०२१ ला चिपळूण-महाडमध्ये पाण्याखाली गेलेल्या गाड्या आजही बाजारात फिरतात. गिअरबॉक्सला हवा येण्या-जाण्यासाठी एक छोटी नळी असते. गाडी बुडाली की पाणी तिथून आत जातं. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ आहे का पाहा, सीटच्या रुळांवरचा गंज पाहा, कार्पेटखाली गाळ चाचपा. पाण्याने गिअरबॉक्सच्या क्लचप्लेटवरचं अस्तर ज्या चिकटद्रव्याने बसवलेलं असतं ते सुटतं. म्हणून पुरात बुडालेला गिअरबॉक्स नुसतं ऑइल बदलून वाचला असं धरू नये.

पायरी ४: ऑइल

डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) असेल तर फार चांगलं. पातळी बघायची पद्धत मात्र प्रत्येक कंपनीची वेगळी, आणि चुकीच्या पद्धतीने पाहिलं तर नीट भरलेला गिअरबॉक्सही रिकामा वाटतो. टोयोटासारख्या बऱ्याच गाड्यांमध्ये गाडी पूर्ण गरम करायची, ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक जागी एकेकदा न्यायचा, परत पी मध्ये आणायचा आणि इंजिन चालू ठेवून डिपस्टिक पाहायची. होंडात उलट: रेडिएटरचा पंखा सुरू होईपर्यंत गरम करायचं, इंजिन बंद करायचं आणि ६० ते ९० सेकंदांत पातळी पाहायची. फोक्सवॅगन-स्कोडाच्या ओल्या क्लचच्या गिअरबॉक्सला डिपस्टिक नसतेच. तिथे ऑइल ३५ ते ४५ अंश सेल्सिअस असताना, इंजिन चालू ठेवून, खालच्या प्लगातून थेंब पडतो की नाही ते पाहतात. हे रॅम्प आणि स्कॅनर असल्याशिवाय जमत नाही.

पातळी पाहिली की दोन थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाका आणि पाच मिनिटं थांबा. लाल किंवा फिकट तपकिरी आणि सगळीकडे सारखा पसरलेला डाग ठीक. गडद तपकिरी पण वास साधा, म्हणजे ऑइल म्हातारं झालंय, बदलायला हवं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. काळं, करपट वासाचं, मध्यभागी काळी भुकटी राहिलेलं ऑइल म्हणजे क्लचप्लेट जळाल्या आहेत. चमचमणारे कण दिसले तर धातू घासतोय. गुलाबी आणि दुधाळ ऑइल दिसलं तर पाणी किंवा कूलंट आत मिसळलंय. पूर हेच एक कारण नाही. अनेक गाड्यांत एटीएफचा कूलर रेडिएटरच्या टाकीतच बसवलेला असतो. वर्षानुवर्षं कूलंटऐवजी नळाचं पाणी भरलं की तो कूलर आतून गंजतो आणि दोन्ही द्रव एकमेकांत जातात. म्हणून रेडिएटरचं झाकण उघडूनही पाहा, अर्थात इंजिन थंड असतानाच. आत गंजकं पाणी असेल तर गिअरबॉक्सवरही शंका घ्या. कूलंटवर तेलकट तवंग असेल तर शंका घेण्याचीही गरज उरत नाही.

डिपस्टिकवर ऑइल फेसाळ दिसलं तर ते जास्त भरलेलं असण्याची शक्यता मोठी. फेस आला की पंप हवा ओढतो आणि दाब पडतो. कमी ऑइल आणि जास्त ऑइल, दोन्हींची लक्षणं त्यामुळे सारखीच दिसतात.

पायरी ५: बॅटरी, माउंटिंग आणि ब्रेकचा दिवा

गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर आणि सोलेनॉइड (ऑइलची वाट उघडणारे-मिटणारे छोटे व्हॉल्व्ह) विजेवर चालतात. मल्टिमीटर लावा. इंजिन बंद असताना १२.४ व्होल्टच्या वर, चालू असताना साधारण १३.८ ते १४.५, आणि स्टार्टर फिरताना ९.६ च्या खाली जायला नको. एएमटीत तर दुबळ्या बॅटरीमुळेच गिअर न पडणं, एन लुकलुकणं, गाडी मध्येच न्यूट्रल होणं असले प्रकार सर्रास होतात. बॅटरीपासून बॉडीला आणि गिअरबॉक्सला जाणारी अर्थिंगची पट्टी गंजली असेल तरी तेच. बॅटरी बदलून सुटणाऱ्या प्रश्नासाठी अ‍ॅक्च्युएटर बदलले जातात, हे वाईट आहे आणि टाळता येण्यासारखं आहे.

नंतर बॉनेट उघडं ठेवून एकाला इंजिनाकडे बघायला उभं करा, पण गाडीच्या समोर नाही, बाजूला. ब्रेक घट्ट दाबून डी, एन, आर असं फिरवा. इंजिन बोटभर हलणं साहजिक आहे. ते उडी मारल्यासारखं उचललं गेलं आणि 'ठक्' आवाज आला तर इंजिन माउंटिंग, ज्याला गॅरेजमध्ये फाउंडेशन म्हणतात, ते गेलेलं आहे. डी टाकताना झटका बसणाऱ्या जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सला दोष देण्याआधी हे पाहायलाच हवं.

लिव्हर पी मधून निघत नसेल तर मागचे ब्रेकचे दिवे लागतात का ते पाहा. लागत नसतील तर ब्रेक पेडलचा स्विच खराब आहे, कारण लिव्हरचं कुलूप त्याच्याच सिग्नलवर उघडतं. आता पाय ब्रेकवर ठेवून डी किंवा आर मध्ये चावी फिरवा, स्टार्टर फिरता कामा नये. फिरला, किंवा आर टाकूनही मागचा पांढरा दिवा लागला नाही, तर लिव्हरची जागा ओळखणारा सेन्सर किंवा त्याची केबल चुकीची बसली आहे.

पायरी ६: स्कॅनर, टेस्ट ड्राइव्हच्या आधी आणि नंतर

स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर इंजिनच्या बिघाडांचे कोड वाचतो. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरपर्यंत तो बहुधा पोचत नाही. त्याच्यात पी०७०० दिसला तर त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे काहीतरी नोंद आहे, ती त्याच्याकडून वाचा. त्यासाठी गॅरेजचा चांगला स्कॅनर लागतो.

विक्रेत्याने सकाळीच कोड पुसले असतील तर? स्कॅनरवर 'कोड पुसल्यापासूनचं अंतर' दिसतं का बघा. तिथे ५ किंवा १० किलोमीटर दिसले आणि इंजिनच्या स्वयंचाचण्या अपूर्ण दिसल्या, तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढलेली होती. या एका आकड्याकडे फार कमी लोक बघतात.

कोडचा अर्थ थोडक्यात असा. पी०७१५ म्हणजे आत येणारा वेग मोजणारा सेन्सर, पी०७२० म्हणजे बाहेर जाणारा. हे दोन्ही बऱ्याच गाड्यांत बाहेरून बदलता येतात. पी०७५० ते पी०७७० च्या पट्ट्यात शिफ्ट सोलेनॉइड येतात: आधी वायर आणि कनेक्टर, मग सोलेनॉइड, शेवटी व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलचा दाब वाटून देणारा व्हॉल्व्हचा ठोकळा), या क्रमाने जा. पी०७४१ म्हणजे कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच (वेगात इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा) धरत नाही. पी०७३१ ते पी०७३६ हे सगळ्यात काळजीचे. यांचा अर्थ ठरलेला गिअर पडला, पण आत येणारा आणि बाहेर जाणारा वेग यांचं गणित जुळलं नाही, म्हणजे आत काहीतरी घसरतंय. पी०७३२ दुसऱ्या गिअरचा, पी०७३६ रिव्हर्सचा. अशा कोडबरोबर करपट ऑइल असेल तर गिअरबॉक्स उघडावा लागणार असंच धरून भाव करा. तोच कोड स्वच्छ ऑइलबरोबर आला तर वेगाचे दोन्ही सेन्सर आधी तपासा, कारण चुकीचा वेग सांगणारा सेन्सरही हाच कोड टाकतो.

पायरी ७: उभ्या गाडीत वेळ मोजा

ही चाचणी टॉर्क कन्व्हर्टरसाठी. पूर्ण गरम गाडी, सपाट जमीन, हँडब्रेक, पाय ब्रेकवर. एनमधून डी टाका आणि गिअर 'धरल्याचा' हलका धक्का येईपर्यंतचा वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजा. मध्ये एक मिनिट सोडून तीनदा करा आणि सरासरी काढा. मग एन ते आर तसंच. टोयोटाच्या दुरुस्ती पुस्तिकांमध्ये डीसाठी १.२ सेकंद आणि आरसाठी १.५ सेकंद ही मर्यादा असते, इतर टॉर्क कन्व्हर्टरनाही ती ढोबळ मापाला चालते. दोन्ही वेळ लांबले तर दाब कमी आहे: ऑइल कमी, फिल्टर तुंबलेला किंवा पंप झिजलेला. फक्त डी लांबला तर पुढच्या गिअरांचा क्लच. फक्त आर लांबला तर रिव्हर्सचा क्लच किंवा ब्रेक. रिव्हर्सला सहसा सगळ्यात जास्त दाब लागतो, म्हणून पंप थकायला लागला की तो बऱ्याचदा आधी रिव्हर्समध्ये दिसतो. थोड्या चढावर गाडी उलटी चढवून पाहा. पुढे छान पळणारी गाडी इथे उघडी पडते.

ब्रेक दाबून पूर्ण रेस देण्याची स्टॉल चाचणी अनेक मेकॅनिक लगेच करायला निघतात. ती शेवटची ठेवा, गाडीच्या मालकाला विचारून आणि जाणत्या गॅरेजमध्येच करा. चारही चाकांना ओट (दगड किंवा ठोकळा) लावायची, समोर-मागे कोणी उभं राहायचं नाही, ५ सेकंदांपेक्षा एक क्षणही जास्त नाही, आणि दोन चाचण्यांमध्ये एनमध्ये किमान एक मिनिट इंजिन चालू ठेवून ऑइल थंड होऊ द्यायचं. आरपीएम कंपनीच्या आकड्यापेक्षा बरंच वर गेलं तर क्लच घसरतायत. बरंच खाली राहिलं तर इंजिनात दम नाही किंवा कन्व्हर्टरच्या आतला एकतर्फी क्लच गेलाय. सीव्हीटी, एएमटी आणि ड्युअल क्लचवर ही चाचणी कधीही करू नये. सीव्हीटीचा पट्टा घसरून पुल्यांवर कायमचे ओरखडे पडतात, बाकी दोघांचे क्लच जळतात.

पायरी ८: रस्त्यावर, निदान पाऊण तास

पाऊण तास सांगण्यामागे कारण आहे. बॅटरी काढली किंवा कॉम्प्युटरने चालता चालता शिकलेल्या सवयी स्कॅनरने पुसल्या की गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर काही काळ मूळ आकड्यांवर चालतो आणि गाडी वेगळीच वागते. शिवाय एटीएफ इंजिनापेक्षा उशिरा गरम होतं. वाटेत शहरातली कोंडी, मोकळा रस्ता आणि एक खरा चढ हवा. पुण्यात असाल तर कात्रज किंवा खंबाटकी, मुंबईतून निघालात तर बोरघाट, गोव्याच्या बाजूला आंबोली. घाटातून उतरल्यावर लगेच बाजूला घेऊन सात नंबरची चाचणी पुन्हा करा.

हलक्या पायाने चालवा आणि नजर आरपीएमच्या काट्यावर ठेवा. गिअर पडताना काटा खाली यायला हवा. खाली येण्याऐवजी तो आधी तीनचारशेने वर उडाला आणि मग धाडकन गिअर बसला, तर सुटणारा क्लच सुटला पण धरणारा वेळेवर धरला नाही. कोणत्या गिअरवर होतं ते लिहा. एकाच बदलात होत असेल तर तो एक क्लच किंवा एक सोलेनॉइड. सगळ्याच बदलांत होत असेल तर दाब.

६० ते ८० च्या वेगात, हलका पाय, वरचा गिअर. गाडी बारीक थरथरत असेल तर लॉकअप क्लचचा संशय येतो, पण तसंच थरथरणं स्पार्क प्लग किंवा कॉइल खराब असली तरी होतं. फरक कळायला एक साधी युक्ती आहे. मागे कोणी नाही याची खात्री करून, रेस तशीच ठेवून, डाव्या पायाने ब्रेकला अगदी हलका स्पर्श करा. लॉकअप सुटतो, आरपीएम एकदोनशेने वर जातं. थरथर त्याच क्षणी थांबली तर दोष लॉकअपचा, चालूच राहिली तर इंजिन, टायर किंवा अ‍ॅक्सल बघा. लॉकअपची थरथर पुष्कळदा योग्य ग्रेडचं ताजं ऑइल घातल्यावर जाते. म्हणून या एका दोषाला भिऊन चांगली गाडी सोडू नये.

थंड असताना खराब आणि गरम झाल्यावर ठीक: कडक झालेली सील किंवा व्हॉल्व्ह बॉडीत चिकटणारे व्हॉल्व्ह. थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर खराब: ऑइल पातळ झाल्यावर झिजलेल्या पंपातून आणि क्लचच्या सीलांमधून दाब निसटतोय. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण तो उन्हाळ्यात आणि कोंडीत वाढत जातो.

गाडी एकाच गिअरमध्ये, बहुधा तिसऱ्यात, अडकली आणि बंद करून सुरू केल्यावर ठीक झाली, तर कॉम्प्युटरने दोष पाहून स्वतःला बचावाच्या स्थितीत टाकलं होतं. त्यानंतर लगेच स्कॅनर लावा, कोड असणारच.

वीसेक वर्षांपूर्वीच्या काही ४ स्पीड गाड्यांत रेसच्या पेडलपासून गिअरबॉक्सपर्यंत एक केबल जाते. ती सैल असेल तर गिअर लवकर आणि घसरत पडतात, जास्त ताणलेली असेल तर उशिरा आणि दणक्याने. स्पॅनर आणि दहा मिनिटं एवढंच काम असतं, पण त्यासाठी केबल आहे हे मेकॅनिकला ठाऊक हवं.

सीव्हीटी, एएमटी आणि ड्युअल क्लचसाठी वेगळ्या चाचण्या

सीव्हीटीत पायऱ्या जाणवत नाहीत, त्यामुळे 'घसरण' ओळखणं अवघड. २० ते ६० च्या वेगात हलक्या रेसला गाडी हिसके देते का, वेगाबरोबर चढत जाणारा 'हुंऽऽ' आवाज येतो का, हे ऐका. आवाज बेअरिंगचा असतो, हिसका पट्टा आणि पुलीचा. निसानच्या सीव्हीटीत पी१७एफ० किंवा पी१७एफ१ कोड हा हिसक्यांचाच. घाट चढताना ताकद अचानक कापली गेली आणि थांबल्यावर परत आली तर ऑइल तापतंय. सीव्हीटीत साधं एटीएफ घालणं म्हणजे गिअरबॉक्स मारणं. २०१४ पासूनच्या होंडा सिटीला एचसीएफ-२, निसानला मॉडेलप्रमाणे एनएस-२ किंवा एनएस-३. ऑइल बदलल्याचं विक्रेता सांगत असेल तर बिलावर हेच नाव आहे का ते वाचा. होंडाच्या जुन्या सिटी झेडएक्समधल्या सीव्हीटीत सुटताना एक वेगळा क्लच काम करतो. जागेवरून निघताना ती गाडी थरथरत असेल तर संशय आधी त्या क्लचवर आणि ऑइलवर घ्या, लगेच पट्ट्यावर नको.

एएमटीच्या हायड्रॉलिक प्रकारात ड्रायव्हरचं दार उघडलं की पंपाचा 'घर्र' आवाज काही सेकंद येतो, तो साहजिक आहे. गाडी नुसती उभी असताना पंप सारखा सारखा सुरू होत असेल तर दाब साठवणारा अ‍ॅक्युम्युलेटर किंवा कुठलीतरी गळती बघा. त्याच्या छोट्या टाकीतलं ऑइल वेगळं असतं. ब्रेक ऑइल तिथे घालू नये. क्लच तपासायला तिसऱ्या किंवा चौथ्यात मॅन्युअल मोडवर ४० च्या वेगात पूर्ण रेस द्या. काटा वर गेला आणि गाडी मागे राहिली तर क्लचप्लेट संपली. चढावर ब्रेक न दाबता रेसवर गाडी धरून ठेवायची सवय असलेल्या मालकाची गाडी असेल तर ही प्लेट लवकर संपते. दिलासा असा की प्लेट बदलणं मॅन्युअल गाडीइतकंच सोपं आहे. मात्र नंतर स्कॅनरने क्लचची नवी जागा कॉम्प्युटरला शिकवावीच लागते. ते न करता गाडी दिली तर नवी प्लेटही झटके देते, आणि मेकॅनिक अ‍ॅक्च्युएटरला दोष देतो.

डीक्यू२०० सपाट जमिनीवर, रेस न देता, ब्रेक हळूहळू सोडत सरपटवून बघा. पहिला-दुसरा गिअर आणि रिव्हर्समध्ये थरथर आली तर क्लच. कोंडीत अर्धा तास चालल्यावर पुन्हा बघा, कारण कोरडे क्लच गरम झाल्यावरच खरं काय ते सांगतात. गिअरचं अक्षर लुकलुकलं, गाडीने ओढणं सोडलं आणि स्कॅनरवर पी१७बीएफ किंवा पी१८९सी आला, तर मेकॅट्रॉनिकमध्ये (गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर आणि व्हॉल्व्ह एकत्र असलेला भाग) दाब तयार होत नाही. अ‍ॅक्युम्युलेटर जिथे बसतो तिथलं धातूचं घर तडकणं हे त्याचं ओळखीचं कारण. या गिअरबॉक्समध्ये ऑइलही दोन: गिअरसाठी सुमारे १.७ लिटर आणि मेकॅट्रॉनिकसाठी वेगळं सुमारे १ लिटर. २०१३ मध्ये फोक्सवॅगनने जगभरात पंधरा लाखांहून अधिक गाड्या परत बोलावल्या, कारण उष्ण-दमट हवेत आणि कोंडीत सिंथेटिक ऑइलमुळे विजेचा पुरवठा बिघडू शकत होता, आणि त्याजागी मिनरल ऑइल घातलं. त्या काळातली गाडी असेल तर चेसिस नंबर देऊन तिचं काय झालं ते विचारा. डीक्यू२५० ला दर ६०,००० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर लागतो. नोंद नसेल तर ते काम राहिलंय असंच समजा.

पॅन उतरवणं, आणि घेतल्यानंतरचं ऑइल

टॉर्क कन्व्हर्टर इथवर पास झाला असेल आणि विक्रेता तयार असेल तर पॅन उतरवा. होंडाच्या ५ स्पीडसारख्या काही गिअरबॉक्सना पॅन नसतो, तिथे ड्रेन बोल्टच्या चुंबकावरून अंदाज घ्यायचा. पॅनमधल्या चुंबकांवर राखाडी, बोटाला लोण्यासारखा लागणारा लेप असतो. लाखभर किलोमीटर चाललेल्या गाडीत तो असायलाच हवा. बोटाला टोचणारे तुकडे, सुईसारखे कण किंवा पितळी चमक दिसली तर बेअरिंग, गिअर किंवा बुश जातायत. पॅनच्या तळाशी काळ्या भुकटीचा थर म्हणजे क्लचचं अस्तर.

'जुनं ऑइल बदललं की गिअरबॉक्स बसतो' हे गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येतं. त्यात तथ्य एवढंच आहे की झिजलेल्या क्लचच्या गाडीत मालक ऑइल बदलायला येतो तेव्हा उशीर झालेला असतो, आणि दोष नव्या ऑइलला जातो. ऑइल न बदलल्याने क्लच वाचत नाहीत. मात्र करपट ऑइलच्या जुन्या गिअरबॉक्सला मशीनने दाबाचं फ्लशिंग करू नका. तळाचा गाळ उठून व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांमध्ये अडकतो. साधं ड्रेन करून भरणंच बरं.

एका ड्रेनमध्ये सगळं ऑइल निघत नाही, बाकीचं कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहतं. सिटीच्या ५ स्पीडमधून साधारण अडीच लिटर येतं. दर वेळी ४० टक्के बदललं असं धरलं तर तीन ड्रेननंतर जुनं ऑइल सुमारे पाचव्या हिश्श्यावर येतं. दोन ड्रेनमध्ये पन्नास-शंभर किलोमीटर चालवा. निघालेलं ऑइल मापून घ्या आणि आधी पातळी बरोबर होती याची खात्री असेल तर तेवढंच भरा. ग्रेड कंपनीने सांगितलेलाच हवा: होंडाला डीडब्ल्यू-१, टोयोटाच्या नव्या गिअरबॉक्सना डब्ल्यूएस, ह्युंदाईच्या जुन्या ४ स्पीडला एसपी-३. 'सगळ्यांना चालतं' असं लिहिलेला डबा स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवा टाका, पॅनचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळा आणि गॅस्केटच्या जागी सिलिकॉन थापू देऊ नका, कारण त्याचा सुटलेला तुकडा थेट फिल्टरवर जाऊन बसतो. पन्नास किलोमीटर चालवून, पूर्ण गरम गाडीत, त्या कंपनीच्या पद्धतीने पातळी पुन्हा एकदा पाहा.